पाचवी जागा

१

आमच्या आईची शिकवण होती, की कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. माणूस असलं तर तिसऱ्यांदा हाक मारतं, आणि बाकी जे काही असतं त्याला तीनदा हाक मारता येत नाही, असं ती सांगायची. मी सातवी शिकले, लग्न होऊन टेंभुर्णीहून बदनापूरला आले, घरात फोन आला, नातवंडं झाली, पण ती सवय अंगातून गेली नाही. फोनच्याही तीन घंट्या होऊ देते, मगच उचलते. आमचे मालक रामकिसनराव रेल्वेत पॉइंट्समन होते, गाडीचे रूळ बदलून देणारे. त्यांना या सवयीचा भारी राग. "द्वारका, तू स्टेशनात नोकरीला असतीस तर रोज गाड्या धडकल्या असत्या," म्हणायचे.

हे आधी सांगून ठेवते. दोन वर्षं झाली, माझं कुठं चुकलं ते शोधून राह्यले, आणि फिरून फिरून इथंच येऊन थांबते.

दोन हजार सहा साली आमच्या शेजारच्या कडूबाची पुढची खोली एका बाईनं भाड्यानं घेतली. बेबीनंदा नाव. जाफ्राबादकडची, वडील मास्तर, स्वतः कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली, वय तीस-बत्तीस, लग्न केलेलं नाही आणि करायचंही नाही. एवढं मला चौथ्या दिवशी माहीत होतं, कारण पहिले तीन दिवस मी तिच्याकडे चहा घेऊन गेले होते. लोक मला चौकशी-खिडकी म्हणतात. म्हणू देत. या गल्लीत कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाची पोर रुसून माहेरी आलीय, हे मला कळतं म्हणूनच त्यांच्या दाराशी वेळेला डबा पोचतो.

सगळ्या गल्लीची चौकशी मी केली. एक माणूस सोडून.

२

जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीनं शेतकऱ्यांसाठी फोनसेवा काढली होती. एक नंबर लावायचा, की मोसंबीचा, कापसाचा, सोयाबीनचा त्या दिवसाचा भाव ऐकू येणार. कोणत्या रोगाला काय फवारायचं, तेही. बोलणारं माणूस नव्हतं, भरून ठेवलेला आवाज होता. फोनची लाइन घ्यायला सोपी पडते म्हणून मशिनं बदनापुरात ठेवलेली, आणि ती सांभाळायला बेबीनंदा.

खोलीत लांब बाकावर चार कॉम्प्युटर, ओळीनं. दाराजवळच्या टेबलावर वेगळं एक. खिडकीला काळा कागद, दोन पंखे सारखे चालू, आणि सगळ्याचा मिळून एक आवाज, दूरवर पिठाची गिरणी चालल्यासारखा. मी विचारलं, नंबर एक तर मशिनं चार कशाला?

ती म्हणाली की एकाच मशीनवर सगळे फोन आले तर ते दमून बंद पडतं. म्हणून दाराजवळचं मशीन नुसतं वाटणी करतं. फोन आला, की चौघांत ज्याच्यावर भार कमी त्याच्याकडे द्यायचा. आणि दर दहा सेकंदाला हे दारावरचं मशीन चौघांनाही विचारतं, आहेस का? ज्यानं हो म्हटलं त्याला फोन मिळतो. ज्याच्याकडून तीनदा विचारून उत्तर आलं नाही, त्याचं नाव यादीतून काटलं जातं.

"तीनदाच?" मी विचारलं.

"तीनदा पुष्कळ झालं, मावशी. शेतकरी तिकडं फोन धरून उभा असतो."

मालकांना मी हे घरी येऊन सांगितलं तर त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजलं. त्यांच्या रेल्वेत तेच होतं म्हणे. पुढच्या स्टेशनाला विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही. त्यानं लाइन क्लिअर दिलं की मगच सिग्नल पाडायचा. फरक एवढाच, की पुढच्या स्टेशनावर कोण बसलंय हे यांना माहीत असायचं. त्यातला एक जण तर नुसत्या घंटीच्या ठोक्यावरून ओळखू यायचा, आज त्याचा बायकोशी तंटा झालाय का नाही ते.

३

मशिनं चार आहेत हे मला बरं वाटत नव्हतं. चौघं कुठं लागतात ते आपल्याला माहीत आहे. सवाष्णी जेवायला घालायच्या तरी आपण पाच घालतो. मी तिला तसं म्हटलं, तर ती हसली. "मावशी, आमच्यात हे मानत न्हाईत. पण तुमच्या समाधानासाठी सांगते, पाचवं मशीन मंजूर झालंय. पुढच्या महिन्यात येतंय. त्याची जागा मी यादीत आत्ताच लिहून ठेवते, म्हंजे मंग सगळं पुन्हा उघडाया नको."

तिनं माझ्यासमोर लिहिली. पाचवा पत्ता. तिथं मशीन नाही, तर दारावरचा तीनदा विचारील, उत्तर येणार नाही, आणि पाचव्याकडे फोन जाणार नाही. काटलेल्या नावालाही तो अधूनमधून विचारत राहतो; मशीन आलं, की ते आपोआप हो म्हणेल. मला ते आवडलं. पंगतीत एक पान जास्तीचं मांडून ठेवावं, तसं.

त्या दिवशी तिचा घसा बसलेला. भावांचे आकडे तिच्याच आवाजात भरायचे होते आणि आवाज तर फाटका निघत होता. यंत्र नीट भरतंय का एवढंच बघायचं होतं म्हणून तिनं माईक माझ्यापुढे धरला. काहीही बोला म्हणाली. मला एकदम काय सुचणार? फोनवर बोलते तेच बोलले.

"हां, बोल. मी हाय ना."

तिनं ते परत ऐकवलं. स्वतःचा आवाज दुसरीकडून ऐकला की परका वाटतो. मी म्हटलं पुसून टाक. ती म्हणाली, राहू द्या, पाचव्याच्या नावावर टाकून ठेवते, तिथं सध्या काहीच नाही.

४

आता गोजरबद्दल सांगते.

गोजरबाई माझी पाठची बहीण. भोकरदन तालुक्यात धावड्याला दिलेली. नवरा गेला त्याला सहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. म्हणजे एक झालं होतं. मुलगी. नऊ दिवसांची होऊन गेली. बाळंतपण टेंभुर्णीला आमच्या घरी झालं, मी तिथंच होते, पाणी मीच तापवत होते. दहाव्या दिवशी घर सारवून घेतलं आणि त्यानंतर कुणीही त्याबद्दल बोललं नाही. गोजरही नाही. मला वाटलं, विसरली.

धावड्याला तिच्या घरी टॉवरचा, बिनतारेचा फोन आला तेव्हापासून ती मला रोज लावायची. सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळेला माझ्या हातात दहा कामं. तिसऱ्या घंटीला उचलायचे, तिचं हळू बोलणं, एका वाक्यानंतर दुसरं यायला वेळ. मी म्हणायचे, गोजर, पातेल्यात दूध आहे, नंतर लावते. नंतर लावत नव्हते. मग ती दोनच घंट्या द्यायची आणि ठेवून द्यायची. अक्का कामात असेल, असं समजून.

मी तिला बेबीनंदाच्या सेवेचा नंबर दिला. तिची दीड एकर कपाशी होती, भाव कळेल म्हणून. खरं सांगायचं तर, फोन करायला तिला दुसरी एक जागा मिळेल म्हणूनही दिला.

दसऱ्याच्या आसपास अकराच्या घंट्या बंद झाल्या. मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण वाटलं.

५

दिवाळीच्या आधी एका सकाळी बेबीनंदा आमच्या ओट्यावर आली. एरवी मीच तिच्याकडे जाते, ती कधी येत नाही. मालक अंगणात दाढी करत होते. ती त्यांना म्हणाली, काका, जरा येऊन एक गोष्ट बघता का.

आम्ही दोघंही गेलो. दारावरच्या मशीनच्या पडद्यावर पाच नावं होती आणि पाचांपुढे पाच हिरवे ठिपके. हिरवा म्हणजे हो म्हणालं. बाकावर मशिनं चारच.

"आलं का पाचवं?" मी विचारलं.

"न्हाई आलं. अजून दोन महिने यायचं न्हाई."

दुसऱ्या कुठल्या यंत्रानं चुकून तोच पत्ता घेतला असेल, असं तिला वाटलं होतं. म्हणून तिनं सगळ्या वायरी मोजल्या. सगळ्या वायरी जिथं जोडल्यात त्या भिंतीवरच्या डबीत आठ भोकं, दारावरच्याची एक वायर आणि चौघांच्या चार. बाकी तीन रिकामी. बाहेरची लाइन काढून बघितली. चौघांच्या वायरी एकेक करून काढल्या. प्रत्येक वेळी ज्याची वायर काढली त्याचा ठिपका तीस सेकंदांत लाल झाला. पाचवा हिरवाच. शेवटी डबीत दारावरच्याची एकच वायर उरली, म्हणजे तो विचारणारा एकटा, समोर कुणीच नाही. तरी हिरवा.

तिनं ते आमच्यासमोर पुन्हा करून दाखवलं. मालक वाकून त्या डबीकडे बघत होते. रिकाम्या भोकांपैकी एकावरचा बारका दिवा लुकलुकत होता. दहा सेकंदांनी एकदा. विचारलं, की उत्तर. विचारलं, की उत्तर.

"लवकर देतंय," मालक म्हणाले.

"सगळ्यांत लवकर," ती म्हणाली. "विचारायच्या आधी दिल्यासारखं."

मालकांच्या एका गालाला साबण तसाच होता. तो त्यांनी पंच्यानं पुसला आणि हळूच विचारलं, "पोरी, लाइन क्लिअर देऊन राह्यलंय ते स्टेशन कुठं हाय, बघितलं का?"

काढलेल्या वायरी ती एकेक करून परत लावायला लागली. मी तेव्हा मनाशी म्हटलं, मशीनची गोष्ट आहे, आपल्याला काय कळतंय. घरी येऊन पुरणाची डाळ शिजत घातली. पण त्या दिवसापासून मालक हाक मारायचे तेव्हा मी दुसऱ्या हाकेलाच ओ द्यायला लागले, आणि तसं का करतेय ते मला कळत नव्हतं.

६

तिनं कंपनीला कळवलं. तिकडून सांगितलं, सेवा नीट चालू आहे, तक्रार एकाही शेतकऱ्याची नाही, उलट लोक खूश आहेत, दिवाळीत बंद पाडू नका. बेबीनंदा रोज किती फोन कुणाकडे गेले ते बघायची. आधी पाचव्याकडे पाचातला एक. मग तीनातला एक. कार्तिकी एकादशीच्या दिवशी निम्मे. कारण नियमच तसा. ज्याच्यावर भार कमी त्याला पुढचा फोन. आणि पाचव्याच्या पुढे भाराचा आकडा कायम शून्य होता. कितीही द्या, त्याला भार होतच नव्हता.

"मावशी, त्या फोनवर काय ऐकू येतं ते मला ऐकायचंय," ती एका सकाळी म्हणाली. "एकटीला ऐकवत न्हाई."

मी खुर्चीवर बसले. मालक बाहेर कडूबाच्या ओट्यावर होते, म्हणजे आमचं घर रिकामं होतं, कडी लावलेलं. तिनं चाललेल्या एका फोनमध्ये कान घालावा तसं काही केलं आणि आवाज खोलीत सोडला.

आधी काहीच नाही. मग कळलं, की काहीच नाही असं नाही, एक खोली आहे. रिकाम्या खोलीला एक आवाज असतो. त्यात परातीत कणीक मळल्याचा आवाज. बांगड्या परातीच्या काठाला लागत होत्या. उजव्या हातातली एक बांगडी पिचलेली असली म्हणजे जसा बद्द आवाज येतो, तसा मधेच यायचा. मी माझ्या हाताकडे बघितलं.

मग घड्याळ घरघरलं. मालकांना नोकरी संपताना मिळालेलं घड्याळ आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर आहे. ठोके द्यायच्या आधी ते एकदा घरघरतं, म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तसं. तेच. अकरा ठोके पडले. आणि ते संपत आले तेव्हा भिंतीपलीकडून, आमच्या कडी लावलेल्या घरातून, खऱ्या घड्याळाचा पहिला ठोका ऐकू आला.

म्हणजे फोनमधलं आधी वाजलं होतं.

त्या फोनवर कुणीतरी बाई होती, लांबची, हळू बोलणारी. शब्द कळत नव्हते. ती बोलायची थांबली, की कणीक मळणंही थांबायचं, आणि मधे एक हुंकार यायचा. कुणीतरी पूर्ण ऐकून घेतंय, घाई नाही, पातेल्यात दूध नाही. मग आवाज आला.

"हां, बोल. मी हाय ना."

बेबीनंदानं माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बंद होतं. तिनं धीर करून एक कळ दाबली आणि विचारलं, कोण बोलतंय?

"बेबी," माझा आवाज म्हणाला, "तुझा घसा बरा हाय का गं आता?"

तिनं वायर उपटली. पण मला भीती वाटली ती वेगळ्या गोष्टीची. तिचा घसा बसला होता त्याला दोन महिने झाले होते, आणि बरा झाला का, हे विचारायचं माझ्या ध्यानातून गेलं होतं.

थोड्या वेळानं ती पाचव्याकडे गेलेल्या फोनांची यादी बघायला लागली. वेगवेगळी गावं, दोन-दोन मिनिटांचे फोन. फक्त एक नंबर पानापानावर होता. रोज अकरा वाजता. आधी दहा मिनिटं, मग तासभर, आता तीन-तीन तास.

तो धावड्याचा होता. मी पाठ म्हणू शकत होते.

७

तिनं तिथल्या तिथं पाचवं नाव यादीतून काढलं. ठिपका गेला, नाव गेलं, डबीवरचा दिवाही विझला. मी सुटकेचा श्वास सोडला. मालक आत आले होते, त्यांना सगळं सांगितलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"नाव काढून काय उपेग?" ते म्हणाले. "लाइन क्लिअर दिल्यावर गाडी सुटली आसंल तर मागून तार कापून चालत न्हाई. गाडी येतेच."

मी घरी गेले आणि गोजरला फोन लावला. चटकन उचलला. तिचा आवाज मी कित्येक वर्षांत इतका मोकळा ऐकला नव्हता.

"कोण?"

"गोजर, मी अक्का."

ती हसली. लहानपणी हसायची तसं, नाकातून. म्हणाली, अक्का, ही काय थट्टा, तू तर आत्ता मागं धुणं वाळू घालाया गेल्तीस. मग तिनं तोंड फिरवून हाक मारली असावी, कारण आवाज लांब गेला: "अक्का, हायेस का?"

आणि लांबून उत्तर आलं. पहिल्याच हाकेला.

मी फोन ठेवला नाही, तो हातातून सुटला.

८

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. मालक बरोबर येतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. माझी बहीण आहे, मीच जाणार. जालन्याला एसटी बदलली, भोकरदनपासून जीप. वाटेत कपाशी फुटलेली होती, बाया वेचत होत्या, ऊन स्वच्छ होतं. अशा उन्हात मनाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. गोजरला भ्रम झाला असेल. एकटं माणूस, होतं असं. आपण जाऊ, चार दिवस राहू, तिला बदनापूरला घेऊन येऊ. मी जीपमध्ये बसून मनात सगळं ठरवलं, तिचं अंथरूण कुठं टाकायचं तेही.

तिचं दार अर्धं लोटलेलं होतं. उंबऱ्याजवळ चपला काढायला वाकले आणि तशीच थांबले. तिथं आधीच एक जोड होता. बाटाचा नव्हे, आमच्या बदनापूरच्या चांभाराकडचा, डाव्याचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला. मी माझ्या पायांकडे बघितलं. माझ्या पायात माझ्या चपला होत्या. डाव्याचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला.

आतून परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. आणि एक बद्द बांगडी.

गोजर दारात आली. अंगानं भरली होती, डोक्याला तेल, नीट वेणी. माझ्याकडे बघून तिचं हसू अर्ध्यातच राहिलं. तिनं वळून आत बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"गोजर, मी आत्ता एसटीनं आले," मी म्हटलं. "तुझ्या घरात कोण हाय?"

"अक्का हाय."

"अक्का मी हाय. मी सहा वर्षांत तुझ्या घरी पाऊल टाकलं न्हाई, तुला म्हाईत हाय."

"तेच तर," ती म्हणाली. आवाज चढला नाही. उंबऱ्याला हात टेकून ती शांतपणे बोलत होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिचं बोलणं मधे न तोडता ऐकलं. म्हणाली की दसऱ्यापासून अक्का तिच्याशी रोज बोलते. आधी तिला नवल वाटलं, ही ऐकतेय कशी. नंतर तिनं सगळं सांगितलं. नवरा गेला ते. विहिरीवर दोनदा जाऊन परत आली ते. आणि त्या पोरीचं. त्या पोरीचं नाव तिनं नवव्या रात्री मनातल्या मनात ठेवलं होतं, बारशाला तीन दिवस होते म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं कुणीच विचारलं नाही. अक्कानं विचारलं.

"तूच अक्का असशील तर सांग," गोजर म्हणाली. "मी तिचं नाव काय ठेवलं होतं?"

गल्लीतल्या प्रत्येक पोराचं नाव मला माहीत आहे. कुणाच्या सुनेचा कितवा महिना, कुणाची जुळी, कुणाचं दगावलं. ज्या घरात पाणी तापवलं, ज्या पोरीला नऊ दिवस मी आंघोळ घातली, तिचं नाव मला सांगता येत नव्हतं. विचारलंच नव्हतं.

आत भाकरीचा आवाज थांबला.

आणि तिथून, चुलीकडच्या अंधारातून, कुणीतरी ते नाव सांगितलं. हळू. माझ्याच आवाजात, पण इतक्या मायेनं मी कधीच कुणाला बोलले नसेन. गोजरच्या खांद्यावरून मला एक कोपर दिसलं, पिठानं भरलेलं, आणि लुगड्याचा काठ. माझ्या अंगावर होता तोच. तोंड दिसलं नाही. मी बघितलं नाही.

ते नाव मी इथं लिहीत नाही.

गोजरचा चेहरा सैल पडला, कोडं सुटल्यासारखा. तिनं आत जाऊन तांब्या आणि गुळाचा खडा आणला. उन्हातून आलेल्या परक्याला देतात तसा.

"पाणी पिऊन जा, बाई," ती म्हणाली. "तुम्ही लांबून आलेल्या दिसता."

मी पाणी प्याले. काय करणार? तहान लागली होती. तिनं दार लोटून घेतलं, जोरात नाही, कुणाच्या तोंडावर लोटावं तसंही नाही. जेवायची वेळ झाली म्हणून लोटतात तसं. उंबऱ्याबाहेर एकच जोड राहिला होता, माझ्या पायातला. आतला कुणी उचलून घेतला ते मला दिसलं नाही.

९

पुढं काही झालं नाही, असं सगळे म्हणतात. धावड्याच्या ओळखीच्या माणसाकडून कळतं, की गोजरबाई बरी आहे, बहीण राहायला आलीय म्हणे, दोघींचं चांगलं चाललंय. मी पत्र घातलं, उत्तर आलं नाही. फोन लावते, तो दोन घंट्यांत उचलला जातो, आणि मी बोलायच्या आधी पलीकडून मीच बोलते. मग मी ठेवून देते.

बेबीनंदानं नोकरी सोडली. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "मावशी, मी ते नाव काढलंय, शंभरदा बघितलंय, यादीत चारच हायेत." पाचवं मशीन नंतर आलं, ते खोक्यातून कुणी काढलं नाही. मशिनं जालन्याला गेली. कडूबाच्या खोलीत आता किराणा ठेवतात. पंख्यांचा आवाज गेला.

आईची सवय मी सोडून दिली. घरात कुणीही हाक मारली, की पहिल्या शब्दालाच ओ देते, तोंडात घास असला तरी. नातवंडं हसतात. आजी, तुला काय रेल्वे पकडायचीय का, म्हणतात. त्यांना कसं सांगू? तीनदा विचारून उत्तर नाही आलं तर नाव काटतात.

परवाची गोष्ट. मंगळवार, सकाळ. मी मागच्या अंगणात धुणं धूत होते, चादर पिळताना तोंडात तिचं टोक धरलेलं. मालक पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी हाक मारली. "द्वारका, हायेस का?"

मी चादर तोंडातून काढली. तेवढाच काय तो वेळ गेला.

"हां, बोला," स्वयंपाकघरातून आवाज आला. "मी हाय ना."

मालकांनी दुसरी हाक मारली नाही. उत्तर मिळालं होतं. ते चहा मागायला लागले, आणि आत कुणीतरी पातेलं चुलीवर ठेवलं.